महिने कुठून मोजायचे? ३१ आठवड्यांच्या बाळाचे टप्पे

माझा मुलगा ३१ व्या आठवड्यात झाला, वजन १३८० ग्रॅम. आता अडीच वर्षांचा आहे, दिवसभर अंगणात पळतो, एका जागी ठरत नाही. आमच्या तालुक्यात कुणाकडं अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं की कुणी ना कुणी माझा नंबर देतं, मग त्या आया फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, ताई तुमच्या बाळानं मान कधी धरली, कितव्या महिन्यात बसला, आमचा तर अजून पालथा पण पडत नाही. प्रत्येकीला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

सगळ्यात आधी बघा की महिने तुम्ही कुठून मोजताय. आमचा गणपती बसायच्या आठवड्यात झाला आणि सोनोग्राफीवरून दिलेली तारीख होती तुळशीच्या लग्नाच्या आसपासची, म्हणजे ४० आठवडे धरले तर नऊ आठवडे आधी आला. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्याच पानावर दोन तारखा लिहिल्या, एक जन्माची आणि एक ड्यू डेट, आणि दुसरीला लाल पेनानं गोल केला. म्हणाले, "लसी या वरच्या तारखेनं द्यायच्या. मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं हे सगळं या गोलातल्या तारखेनं मोजायचं, दोन वर्षांचा होईपर्यंत." याला करेक्टेड एज म्हणतात. बाळ लवकर बाहेर आलं म्हणून त्याचा मेंदू आणि स्नायू घाई करत नाहीत, ते पोटात राहिलं असतं तर ज्या वेळापत्रकानं वाढले असते साधारण त्याच वेळापत्रकानं वाढतात. लसींचं मात्र तसं नाही, इन्फेक्शनचा धोका अशा बाळांना उलट जास्त, म्हणून तिथं वाट बघायची नाही. हे एवढं एक घरातल्या सगळ्यांना समजलं असतं ना तर माझं पहिलं वर्ष फार सोपं गेलं असतं.

कारण घरात तुलना होतीच. माझ्या जाऊबाईंची मुलगी त्याच महिन्यात झाली, पूर्ण दिवसांची, तीन किलोची. ती हसली, ती वळली, ती बसली, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांची नजर माझ्या बाळाकडं. कुणी मुद्दाम वाईट बोलायचं नाही, पण "याचं काय गं, हा कधी?" हे ऐकून रात्री झोप लागायची नाही.

खरं सांगायचं तर आमचा पहिला टप्पा हसणं पण नव्हता, पहिला टप्पा होता दूध ओढून पिणं. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टी एकत्र जमायला बाळ साधारण ३४ आठवड्यांचं व्हावं लागतं, हे मला एसएनसीयूतच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातच कळलं. तोपर्यंत नळीनं दूध, मग स्टीलच्या बोंडल्यानं थेंब थेंब, एकेका फीडला अर्धा तास, मधेच श्वास अडकल्यासारखा झाला की सिस्टर थांबायला सांगायच्या आणि तळपायाला हलकी टिचकी मारायच्या. बाकीच्या वेळात त्याला छातीशी उघड्या अंगानं बांधून बसायचं, कांगारू केअर. माझे मिस्टर पण बसायचे शर्टाची बटणं सोडून, त्यांच्या छातीवर तो जास्त शांत झोपायचा. ज्या दिवशी तो माझ्या अंगावर नीट प्यायला त्या दिवशी मी वॉर्डातल्या सगळ्या बायांना सांगत सुटले.

डोळ्यांचं आणि कानांचं मी कुणालाही विसरू देत नाही. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, जिला आरओपीची तपासणी म्हणतात, ती जन्मापासून महिन्याच्या आत पहिल्यांदा झालीच पाहिजे, आणि २८ आठवड्यांच्या आतलं किंवा खूपच कमी वजनाचं असेल तर त्याही आधी. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात आणि त्या चुकीच्या वाढायला लागल्या तर वेळेत लेझर किंवा इंजेक्शन द्यावं लागतं, वेळ गेली तर दृष्टी जाऊ शकते. बाहेरून डोळे एकदम छान दिसतात, काळेभोर, म्हणून लोक टाळतात. तपासणी बघवत नाही हे खरंय, पापण्यांना छोटी क्लिप लावतात आणि बाळ जीव तोडून रडतं, पण काही मिनिटांचं काम आहे. आमची पहिली स्टेज निघाली, मग रक्तवाहिन्या पूर्ण होईपर्यंत ठराविक दिवसांनी जात राहिलो, आपोआप बरं झालं, काही करावं लागलं नाही.

कानाची पहिली चाचणी ओएई, तिच्यात एका कानाला "रेफर" आलं. रेफर म्हणजे बहिरा नव्हे, परत तपासा एवढाच अर्थ, कधी कधी कानात नुसता ओलावा असला तरी येतं. पण आयसीयूत राहिलेल्या बाळांची बेरा चाचणी करून घ्यायचीच असं ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी सांगितलं, कारण ओएईत कान पास झाला तरी कानाकडून मेंदूकडं जाणाऱ्या नसेचा दोष त्यात सापडत नाही. बेरा बाळ झोपलेलं असताना करतात, डोक्याला चिकटपट्ट्या लावून. नॉर्मल आली. पहिल्या महिन्यात चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपाय सुरू, हे तीन आकडे त्यांनी मला पाठच करायला लावले.

हसला तो संक्रांतीच्या सुमाराला. जन्मतारखेनं चार महिने होऊन गेले होते आणि मी रोज त्याच्या तोंडापुढं तोंड नेऊन नेऊन दमले होते, पण गोलातल्या तारखेनं बघितलं तर दोनच महिने, म्हणजे अगदी वेळेवर. सासूबाई तीळ भाजत होत्या, मी त्याला मांडीवर घेऊन बाजूला बसलेले, त्यांनी त्याच्याकडं बघून नेहमीसारखं "काय रे गुलामा" म्हणलं आणि त्यानं त्यांच्याकडं एकटक बघितलं, आधी भुवया वर गेल्या, मग हनुवटी थरथरली, मग पूर्ण बोळकं उघडलं. झोपेतलं हसू वेगळं आणि हे वेगळं. तीळ करपले, कुणी काही बोललं नाही.

मानेच्या वेळेला मात्र खरी काळजी सुरू झाली. पाच-सहा महिन्यांचा झाला तरी, म्हणजे करेक्टेड साडेतीन-चार, हाताला धरून उठवलं की मान मागं राहायची, आणि मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. लंगोट बदलताना पाय उघडायचे नाहीत. उभा धरला की पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे आणि तो चवड्यांवर टेकायचा. मुठी कायम घट्ट, अंगठा आत. एका ठिकाणी दाखवलं तर सांगितलं, अहो अपुऱ्या दिवसांचं आहे, दोन वर्षांपर्यंत काही बघायचंच नसतं. आमच्या आशाताईंना हे पटलं नाही. त्यांनीच सांगितलं की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डीईआयसी आहे, तिथं चला, फुकट आहे सगळं.

डीईआयसी म्हणजे लहान मुलांच्या वाढीतले अडथळे लवकर ओळखून तिथंच थेरपी देणारं केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतं ते, जो कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. एका छताखाली बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, ऑडिओलॉजिस्ट, मानसोपचार बघणाऱ्या मॅडम, डोळे तपासणारे. आम्ही साताऱ्याच्या बाजूचे, एसटीनं जायचो.

फिजिओ मॅडमनी आधी त्याला हातच लावला नाही, माझ्याशी बोलत बोलत नुसतं बघत राहिल्या, तो सतरंजीवर कसा हलतोय, दोन्ही बाजू सारख्या हलतात का. मग तळहात गरम करून एकेक पाय हळू उघडला, गुडघ्यातून, घोट्यातून, प्रत्येक कोन मोजून लिहिला. म्हणाल्या, "आई, नीट ऐका. स्नायूंचा ताण वाढलाय. अपुऱ्या दिवसांच्या बऱ्याच बाळांना पहिल्या वर्षात असा ताण येतो आणि जातो. काहींचा जात नाही, तो सेरेब्रल पाल्सी असतो, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळं हालचालीवर राहिलेला कायमचा परिणाम. आज मी दोन्हीतलं कुठलं हे सांगू शकत नाही, आणि मला ते कळेपर्यंत थांबायचंही नाही. व्यायाम आजपासून." टाळूवरून केलेली मेंदूची सोनोग्राफी आमची चांगली होती, तरी त्या म्हणाल्या, रिपोर्ट चांगला ही जमेची बाजू, पण बाळाकडं बघायचं सोडायचं नाही.

उशीर आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी समजलं. उशीर करेक्टेड वयानं बराचसा मिटतो. ताण, वाकडेपणा, एकच बाजू वापरणं हे कुठल्याही वयानं मिटत नाही, ते कुणीतरी जाणत्या हातानं तपासावंच लागतं.

व्यायाम म्हणजे वेगळं काही घेऊन बसायचं नव्हतं, दिवसभराच्या कामातच बसवून दिलं होतं. लंगोट बदलताना दर वेळी पाय हळूहळू उघडायचे आणि थोडं धरून ठेवायचं, झटका नाही. कडेवर घ्यायचं तेव्हा दोन्ही पाय माझ्या कमरेच्या दोन बाजूंना फाकवून, आडवं घ्यायचं नाही. मुठीच्या करंगळीकडच्या कडेवर बोट फिरवलं की मूठ आपोआप सुटते, मग तळहातावर खडबडीत टॉवेल, मऊ दुपटं, रवाळ कणीक असं काय काय चोळायचं. आणि पालथं झोपवायचं, जागा असताना, दुधानंतर लगेच नाही, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, समोर काहीतरी वाजणारं. पहिले काही दिवस नुसता रडायचा, तेव्हा मी उताणी झोपायचे आणि त्याला माझ्या पोटावर पालथा टाकायचे, माझा चेहरा बघायला तो मान उचलायचा. झोपवायचं मात्र रात्री पाठीवरच. मालिशवाल्या मावशींना हळू तेल लावायला परवानगी होती, पण पायाला धरून उलटं करणं, हात-पाय ओढून तिढा घालणं बंद. त्या थोड्या नाराज झाल्या, सासूबाईंनीच त्यांना समजावलं, म्हणाल्या, या बाळाची हाडं अजून पोटातली आहेत असं समज.

मान करेक्टेड पाच महिन्यांना पक्की झाली. उष्टावण आम्ही जाऊबाईंच्या मुलीबरोबर केलंच नाही, मागाहून केलं, मान आणि टेकून बसणं आल्यावर, डॉक्टरांना विचारून. पाय हळूहळू सुटत गेले, वर्षाच्या सुमाराला कोन जवळपास बरोबरीत आले.

पहिल्या वाढदिवसाला परत सगळं घर गोळा झालं. जाऊबाईंची मुलगी धरून चालत होती आणि आमचा बसून टाळ्या वाजवत होता. त्याच्या आदल्या महिन्यात डीईआयसीत एक तक्ता बघितला होता म्हणून मी त्या दिवशी शांत होते. तिरुअनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरनं बनवलेला तक्ता आहे तो, दोन वर्षांपर्यंतच्या १७ गोष्टी, हसणं, आवाजाकडं वळणं, वस्तू या हातातून त्या हातात घेणं, धरून उभं राहणं, अशा. प्रत्येकीपुढं एक आडवी काळी पट्टी. पट्टीचं डावं टोक म्हणजे शंभरातली तीन मुलं जेव्हा ते करायला लागतात ते वय, उजवं टोक म्हणजे ९७ मुलं करतात ते वय. खाली महिने. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी ठेवायची, जी पट्टी अख्खी पेन्सिलीच्या डावीकडं राहिली ती गोष्ट बाळाला यायलाच हवी. मॅडमनी आधी मुद्दाम जन्मतारखेच्या वयावर पेन्सिल ठेवली, त्याला न येणाऱ्या गोष्टींच्या पट्ट्या डावीकडं राहिल्या. मग दोन महिने मागं सरकवली, आणि त्याच पट्ट्या पेन्सिलीच्या खाली आल्या. ती पेन्सिल सरकताना बघून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पट्टी किती लांब असते हेही पहिल्यांदाच बघितलं, आपण मनात एकेका गोष्टीला एकच महिना धरून बसलेलो असतो.

डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, भारतासकट पाच देशांतल्या निरोगी मुलांवर अभ्यास करून २००६ साली अशाच मर्यादा दिल्यात. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक मूल नवव्या महिन्यात चाललं आणि एक सतराव्या महिन्यात, तरी दोघं ठीकच. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आमचा त्यातलाच, बुडावर बसून एका पायानं रेटत अख्खं घर फिरायचा, चड्ड्यांची बुडं झिजली. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं तर २०२२ मध्ये नवी यादी काढली त्यातून रांगणं काढूनच टाकलं. तरी मॅडमनी बुडावर सरकताना दोन्ही पाय वापरतो का ते बघितलंच, कारण एकच बाजू वापरणं वेगळं.

मामानं प्रेमानं चाकांचा वॉकर आणला, गोल, मधे बसवायचा. तो आम्ही परत केला. त्यात मूल चवड्यांवर ढकलत राहतं, आमच्या बाळाला तर नेमकं तेच नको होतं, आणि पायऱ्यांवरून, चुलीजवळ पडायची भीती वेगळी. कॅनडात २००४ पासून असल्या वॉकरवर बंदीच आहे. वर्षानंतर धरून उभा राहायला लागला तेव्हा सासऱ्यांनी सुताराकडून लाकडी पांगुळगाडा करून घेतला, मागं उभं राहून ढकलायचा, त्याच्यावर वजनाला दोन विटा ठेवायचो म्हणजे पुढं सटकत नाही, आणि कुणीतरी कायम सोबत. शिमग्याच्या आसपास गाडा सोडून चार पावलं टाकली, टाच टेकवून. माझं सगळं लक्ष टाचेकडं होतं.

सगळ्यात जास्त वेळ लागला बोलायला. करेक्टेड दीड वर्षाला दोनच शब्द, "आई" आणि "दे". समजायचं सगळं, चप्पल आण म्हणलं की आणायचा, चंद्र दाखवायला बोट करायचा आणि आम्ही बघतोय का ते वळून बघायचा. बोट दाखवून आपल्याकडं बघतो का, नावाला वळतो का, हे डीईआयसीत एका प्रश्नावलीतून नीट विचारलं, ऑटिझमची शंका बघायला, त्यात काही आलं नाही. कान परत तपासले. मग स्पीच थेरपिस्ट मॅडमनी पहिलं काय केलं तर घरातला मोबाईल त्याच्यासाठी बंद केला. जेवताना लावून देत होतो आम्ही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नकोच असं डब्ल्यूएचओचंही म्हणणं आहे, आणि दोननंतर दिवसाला तासाभराच्या वर नको.

दुसरं त्यांनी सांगितलं की परीक्षा घेऊ नका. "हे काय? हे काय? बोल काऊ, बोल काऊ" हे सगळं बंद. त्याच्या उंचीला खाली बसायचं, तो जे करतोय ते आपण लहान वाक्यात म्हणायचं, "पाणी सांडलं", "गाडी गेली", आणि मग गप्प राहायचं. ते गप्प राहणं फार अवघड आहे, आपल्याला लगेच पुढचं बोलायची सवय. त्याला वेळ दिला की तो ओठ हलवायचा. दोन्ही हातात दोन गोष्टी धरून विचारायचं, केळं का बिस्कीट, नुसतं बोट दाखवलं तरी आपण शब्द म्हणून द्यायचं. दिवाळीत, करेक्टेड दोनला थोडं कमी असताना, "बाबा गेला" म्हणाला, दोन शब्द जोडून, मिस्टर गाडी काढत होते. त्यानंतर शब्दांची रांगच लागली.

फोन करणाऱ्या आयांना मी काही गोष्टी थांबू नका म्हणून सांगते, सगळ्या करेक्टेड वयानं. तीन महिने झाले आणि चेहरा बघून हसत नाही, पाच महिन्यांना मान धरत नाही, चार महिन्यांनंतर पण मुठी घट्टच, दहा महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही किंवा एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही. वर्षाच्या आत एकच हात वापरतो तर "डावखुरा आहे वाटतं" म्हणून सोडू नका, दुसरा हात का वापरत नाही ते बघा. आणि येत असलेली गोष्ट यायची बंद झाली, बोलत होता आणि थांबला, तर कुठल्याही वयात, त्याच आठवड्यात दाखवा. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल कार्डात यातलं बरंचसं चित्रांसकट छापलेलं असतं, फक्त आपण लसीचं पान सोडून पुढचं उघडत नाही.

करेक्टेड दोन वर्षांना त्याची मोठी चाचणी झाली, डासी नावाची, बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी आपल्या देशातल्या मुलांवरून बनवलेली, ठोकळे, मणी, बाहुली, चित्रं घेऊन. हालचाल आणि समज दोन्ही वयाबरोबर आलं. तिथून पुढं वजाबाकी बंद, आता वाढदिवसाप्रमाणंच वय. डोळ्यांचं मात्र चालू राहणार, अशा मुलांना चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा लवकर येऊ शकतो.

डीईआयसीत जाणार असाल तर आधी वार विचारून घ्या, सगळीकडं सगळे थेरपिस्ट रोज नसतात. डिस्चार्ज फाईल, माता-बाल कार्ड, डोळ्यांचे आणि कानाचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. जमलं तर घरी तो कसा हलतो, सरकतो, खेळतो त्याचे छोटे व्हिडिओ काढून न्या, मॅडमना त्यातून बरंच दिसतं. आणि बाळाला पोटभर पाजून, झोप झाल्यावर तपासायला न्या, भुकेलं किंवा झोपेला आलेलं बाळ येत असलेलं पण करून दाखवत नाही.